नावाचा सातबारा

हिंगोलीच्या बाजारात हळद विकून हाती आलेल्या पैशांतून कुणी शेत घ्यायचं ठरवलं, तर तो आधी सातबारा पाहतो. नुसत्या शब्दावर इसार देत नाही. इंटरनेटवरच्या नावांचाही असाच सातबारा असतो. त्याला डीएनएसच्या नोंदी म्हणतात. तो कुणालाही फुकट पाहता येतो.

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसं नावांनी. पूर्वी सगळी नावं एकाच यादीत लिहिली जात. यादी वाढत गेली, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं महसुलाच्या दप्तरासारखी ती ठिकठिकाणी वाटून देण्याची पद्धत मांडली.

या दप्तरात काय असतं? ‘ए’ नोंदीत त्या नावाचा आकडी पत्ता असतो, जणू गट क्रमांकच. दप्तर कोणत्या सज्जाला आहे, हे ‘एनएस’ नोंद सांगते. ‘एमएक्स’ म्हणजे त्या नावाची ईमेल कुठे पोचवायची ते. ‘टीएक्सटी’ हा शेऱ्याचा रकाना. या नावानं ईमेल पाठवायची परवानगी कुणाला आहे, हे बहुधा तिथं लिहिलेलं असतं. प्रत्येक नोंदीला सेकंदांत मुदत असते. ३६०० लिहिलं असेल, तर तासभर जुनी नक्कलच चालते. म्हणून फेरफार झाला तरी तो सगळीकडे लगेच दिसत नाही.

विंडोजच्या संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ची काळी खिडकी उघडा. ‘एनएसलुकअप’ टाइप करा, जागा सोडून संकेतस्थळाचं नाव लिहा आणि एंटर दाबा. आकडी पत्ता समोर येतो.

पण एक सांगायला हवं. सातबारा जमिनीची माहिती देतो, विकणाऱ्याची नियत नाही. फसव्या संकेतस्थळाच्या नोंदीही अगदी व्यवस्थित असू शकतात. म्हणून नाव शेवटाकडून वाचायला शिका. ‘मुक्काम नर्सी, जिल्हा हिंगोली’ या पत्त्यात मोठं ठिकाण शेवटी येतं, तसंच इथंही. आपला सातबारा दाखवणारं सरकारी संकेतस्थळ ‘भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’ असं आहे. ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट फक्त सरकारी यंत्रणांना मिळतो. तेच शब्द मध्ये आले आणि शेवटी ‘डॉट कॉम’ असेल, तर ते शेत दुसऱ्याचं आहे! बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं २०२५ साली ‘बँक डॉट इन’ हा शेवट राखून ठेवला आणि त्यावर येण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ची मुदत दिली. हा शेवट बँकांखेरीज कुणाला मिळत नाही.

मोबाइलवर बँकेच्या नावानं दुवा आला, की बोट टेकवण्याआधी त्याचा शेवट वाचा. घाईत चूक झालीच, पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त.