रेघा कुणी ओढल्या?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ध्वनिमुद्रण ऐकवून केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या अभ्यासवर्गात आपण कायदा, आरोग्य, मालमत्तेचा हक्क अशा विषयांवर बोलतो. आज मी तुम्हांला गाणी ऐकवली, आणि तीही इंग्रजी. गाणी चालू असतानाच मागून प्रश्न आला की साहेबाच्या दिवाणखान्यातल्या या संगीताशी आपला काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आज मी जे बोलणार आहे ते या प्रश्नाचंच उत्तर आहे.

आधी थोडी माहिती. या गाण्यांचं नाव 'सी पिक्चर्स', म्हणजे समुद्राची चित्रं. एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकारानं १८९९ साली पाच कवितांना चाली लावल्या. एक बाई गाते आणि तिच्या साथीला मोठा वाद्यवृंद असतो. आपण ऐकलेलं ध्वनिमुद्रण १९६५ सालचं, एच.एम.व्ही.नं काढलेलं. गायिका जॅनेट बेकर, वाद्यवृंद लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, संचालक जॉन बार्बिरोली. त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला एल्गारचीच चेलो आणि वाद्यवृंदाची रचना आहे. तिच्यात चेलो वाजवणारी जॅकलीन द्यु प्रे तेव्हा अवघी वीस वर्षांची होती. ही तबकडी फार गाजली आणि आजही आवडीनं ऐकली जाते.

आता आवाजाबद्दल. जॅनेट बेकरचा आवाज खूप उंच जाणारा नाही, मधल्या पट्टीतला, खाली उतरला की भरदार होणारा आहे. ही गाणी पहिल्यांदा गायली क्लारा बट या गायिकेनं, १८९९ च्या ऑक्टोबरात नॉरिच इथल्या संगीतमहोत्सवात. तिचा आवाज तर आणखी खालचा. सहा फुटांहून उंच अशी ही बाई जलपरीसारखा पोशाख करून उभी राहिली होती, असं एल्गारनंच लिहून ठेवलं आहे. यात आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं काय? पाश्चात्त्य संगीतनाटकात, ज्याला ऑपेरा म्हणतात त्यात, नायिकेचा आवाज बहुधा उंच पट्टीचा. खालच्या आवाजाच्या बाईच्या वाट्याला येतात आई, दाई, चेटकीण, मत्सरी सवत, नाही तर मुलग्याचं सोंग. म्हणजे आवाजावरूनच बाईचं स्थान ठरतं. या गाण्यांत मात्र तो खालचा आवाज मधोमध एकटा उभा आहे. शेजारी नायक नाही. तेवीस-चोवीस मिनिटं समुद्राबद्दल, मरणाबद्दल, देवाबद्दल, प्रेमाबद्दल जे काही म्हणायचं ते ही बाईच म्हणते, आणि एवढा मोठा वाद्यवृंद तिला साथ देतो.

पाच कवितांपैकी तीन पुरुषांच्या आहेत आणि दोन बायकांच्या. या दोघींची ओळख करून द्यायची म्हणूनच मी आज ही गाणी निवडली.

तिसऱ्या गाण्याची कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग. बापानं आपल्या एकाही अपत्याला लग्न करू द्यायचं नाही असं ठरवलेलं. चाळिशीत, १८४६ साली, तिनं चोरून लग्न केलं आणि इटलीला निघून गेली. घराण्याचा पैसा जमैकातल्या गुलामांच्या श्रमावर उभा होता, आणि तिनं मात्र गुलामीविरुद्ध आणि कारखान्यात राबणाऱ्या मुलांच्या बाजूनं कविता लिहिल्या. आपण ऐकलेली कविता तिच्या लग्नाच्या आधीची. तिच्यात बोलणारी व्यक्ती जहाजावर आहे, प्रवासाला निघालेली आहे, रविवारची सकाळ आहे आणि समोर अथांग पाणी. देवळात जाता आलं नाही तरी देवाशी थेट बोलता येतं, असा तिचा विश्वास आहे. एल्गारनं या गाण्याला सर्वांत गंभीर, भव्य संगीत दिलं.

दुसऱ्या गाण्याची कवयित्री कॅरोलीन अ‍ॅलिस एल्गार, संगीतकाराची बायको. तिचा जन्म १८४८ साली कच्छमधल्या भूज इथला. बाप कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८५८ साली कोटा शहर जिंकून घेणाऱ्या फौजेचा सेनापती तोच. तेव्हा साहेबाच्या दिवाणखान्यात आपल्याकडचं काय काय गेलं होतं, हेही या कहाणीत आहे आणि ते मी लपवणार नाही.

अ‍ॅलिस लग्नाआधी लेखिका होती. तिची दीर्घकविता छापून आली होती, १८८२ साली कादंबरीही प्रसिद्ध झाली होती. एडवर्डकडे ती संगीत शिकायला गेली. तो दुकानदाराचा मुलगा, धर्मानं कॅथलिक, तिच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. तिच्या नातेवाइकांना हे मुळीच पसंत नव्हतं. तिनं विरोध पत्करून १८८९ साली लग्न केलं. आणि त्यानंतर तिचं लेखन आटत गेलं. अधूनमधून कविता लिहिल्या, नवऱ्यानं त्यांतल्या काहींना चाली लावल्या. पण कादंबरी पुन्हा नाही. प्रतिभावंताची काळजी घेणं हे कुठल्याही बाईला जन्मभर पुरेल एवढं काम आहे, अशा अर्थाची नोंद तिनं पुढे रोजनिशीत केली.

ही काळजी म्हणजे नेमकं काय काम? एकच सांगते. छापील संगीतलेखनाचा कागद महाग पडायचा. म्हणून अ‍ॅलिस कोऱ्या कागदावर हातानं रेघा ओढून द्यायची. एका वाद्याच्या ओळीला पाच रेघा लागतात. मोठ्या वाद्यवृंदाच्या एका पानावर वीसेक ओळी धरा. म्हणजे पानाला शंभर रेघा झाल्या. एकेका रचनेला अशी कितीतरी पानं लागतात. स्वर त्यानं लिहिले आणि त्यांच्याखालच्या रेघा तिनं ओढल्या. याशिवाय घर, मूल, पाहुणे, पत्रव्यवहार, आणि नवरा खचला की त्याला पुन्हा कामाला बसवणं हे सगळं होतंच.

त्याच १८९९ साली एल्गारचं नाव सर्वदूर झालं ते 'एनिग्मा' नावाच्या रचनेमुळे. तिच्यात त्यानं आपल्या जवळच्या माणसांची सुरांतून चित्रं काढली आहेत. पहिलं चित्र बायकोचं. प्रेमानं काढलेलं आहे, यात मला शंका नाही. पण लिहिणारी बाई दुसऱ्याच्या रचनेचा विषय होते आणि सगळे त्याला तिचा गौरव म्हणतात, तेव्हा आपण जरा थांबून विचार करावा.

अ‍ॅलिस १९२० साली वारली. एल्गार त्यानंतर चौदा वर्षं जगला, पण त्यानं मोठी नवी रचना पूर्ण केली नाही. त्याला कारणं अनेक होती. वय झालं होतं, महायुद्ध होऊन गेलं होतं, लोकांची आवड बदलली होती. पण चरित्रकार म्हणतात की त्याची प्रेरणा गेली. मी म्हणते, प्रेरणेबरोबर दोन हातही गेले. प्रेरणा म्हटलं की श्रम मोजावे लागत नाहीत.

यावर आपल्यातल्याच काही जणी म्हणतील की हे तिनं स्वतः निवडलं, जबरदस्ती कुणी केली नव्हती. खरं आहे. लग्नासाठी सगळ्यांशी झगडलेली ती बाई होती, तिला बिचारी म्हणणं हा तिचा अपमान आहे. पण तिच्यासमोर पर्याय कोणते होते? दोघंही लिहिणारे, मग रेघा दोघांनी ओढायच्या, असा पर्याय त्या घरात, त्या काळात, कुणाच्या मनाला शिवला असेल का? निवडीचा मान राखूनही हा प्रश्न विचारता येतो. निवड बाईची म्हणून श्रम बिनमोल ठरत नाहीत.

तिच्या कवितेचा आशय साधा आहे. बाहेर वादळ आहे, आपण बंदरात एकमेकांना बिलगून आहोत, बाकी सगळं जाईल, प्रेम तेवढं टिकेल. एलिझाबेथची कविता जहाजावरून बोलते, अ‍ॅलिसची बंदरातून. पाचांत हे गाणं सर्वांत लहान, जेमतेम दोन मिनिटांचं. साथ हलकी, चाल सरळ. जाणकार ते पटकन ओलांडून चौथ्या, लोकप्रिय गाण्याकडे वळतात. जॅनेट बेकर मात्र ते घाईनं उरकत नाही. आवाज लहान करते, पण शब्दाला पूर्ण वजन देते. ही गायिका यॉर्कशरमधल्या साध्या घरातली. गाण्यावर पोट भरू लागण्याआधी बँकेत नोकरी करत होती. समोरचं काम लहान आहे म्हणून ती त्याला कमी लेखत नाही.

तर, आपला संबंध हा. कुठलीही तबकडी, पुस्तक, अहवाल हाती आला की आपण मुखपृष्ठावरची नावं वाचतो. त्याच्यापुढे जाऊन विचारायचं की शब्द कुणाचे, आवाज कुणाचा, आणि रेघा कुणी ओढल्या? हा प्रश्न इंग्लंडपुरता ठेवून चालणार नाही. आपल्या संघटनेत इतिवृत्त कोण लिहिते, अंकावर पत्ते कोण चिकटवते, मोर्चाच्या दिवशी तान्ही मुलं कोण सांभाळते? त्यांची नावं आपल्या अहवालात येतात का? पुढच्या वार्षिक अहवालात ही कामं करणाऱ्यांच्या नावांसह नोंदवावीत, असा माझा प्रस्ताव आहे. त्यावर आज मोकळेपणानं बोलू या.

त्याआधी दुसरं गाणं पुन्हा लावते. दोनच मिनिटांचं आहे. या वेळी कवयित्रीचं नाव माहीत असताना ऐकू.