जाफरच्या घरचं जेवण
(युवा शिबिरातील भाषण)



माणसाला मरण सोसता यावं म्हणूनच धर्म आहे का, असा विषय मला दिलाय. प्रश्न जुना आहे. मॅलिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने ट्रोब्रिआंड बेटांवर राहून अभ्यास केला आणि १९२५ साली लिहिलं, की धर्माच्या उगमात मरणाचा वाटा सगळ्यात मोठा. त्यावर रॅडक्लिफ-ब्राउनने उलटं म्हटलं: माणसाला नसलेली भीतीसुद्धा कधीकधी विधीच देतात. दोघांचंही खरं आहे, हे मी आमच्या घरात पाहिलं.

मी बारावीत असताना अब्बा गेले. टेम्पो चालवायचे. सकाळी छातीत दुखलं, दुपारी मय्यत घरी. माणसं आली, गुस्ल झालं, कफन झालं, जनाजा उठला. मी मुलगी, त्यामुळे मातीला जायचा प्रश्नच नव्हता. मी दारात उभी राहिले. अम्मी पुन्हापुन्हा एकच म्हणत होती, आपण अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत. त्या शब्दांनी तिला धरून ठेवलं. त्यावर मी कधी वाद घालणार नाही, आणि शहाणपणा म्हणून तुम्हीही कुणाच्या आईशी घालू नका.

पण तिसऱ्या दिवशी जियारत झाली आणि नातेवाईक चाळिसाव्याचा हिशेब करू लागले. किती किलो तांदूळ, किती मटण. ज्या घरातला कमावता माणूस गेला, त्या घराने मोहल्ल्याला जेवण द्यायचं! अम्मीने बचत गटाकडून चाळीस हजार उचलले. ते फिटायला दोन वर्षं लागली. माझ्या कॉलेजचं एक वर्ष त्यातच गेलं.

खूप नंतर मी वाचलं, की इ.स. ६२९ मध्ये मुताच्या लढाईत जाफर शहीद झाले, तेव्हा पैगंबरांनी लोकांना जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करायला सांगितलं होतं. त्यांच्यावर दुःख कोसळलंय, त्यांना चुलीकडे बघायची शुद्ध नाही, म्हणून. म्हणजे डबा शेजाऱ्यांकडून शोकाच्या घरी जायला हवा होता. आपण त्याची दिशाच फिरवली. आमच्याकडे तो डबा आला, नाही असं नाही. समोरच्या काकूंनी तीन दिवस भाकरी-पिठलं आणलं. त्यांना जाफर माहीत नव्हते.

इद्दतचं तसंच. कुरआनात विधवेसाठी चार महिने दहा दिवस सांगितलेत. अम्मी शिलाईच्या कारखान्यात जायची, तर सगळे म्हणाले, उंबरा ओलांडायचा नाही. गरजेसाठी विधवेने दिवसा बाहेर जायला हनफी फिकहमध्ये मुभा आहे, हे त्या घोळक्यात एकाही पुरुषाने सांगितलं नाही. माहीत नसेल, किंवा सोयीचं नसेल.

आता मूळ प्रश्न. धर्म फक्त दिलासा द्यायला आला असता, तर मक्केतल्या सुरुवातीच्या सूरा अशा का आहेत? त्या ऐकून श्रीमंत व्यापाऱ्यांना बरं वाटत नव्हतं, ते चिडत होते. मेल्यावर उठवणार म्हणे, अशी थट्टा करत होते. कारण तिथे मरणानंतर हिशेब होता: अनाथाला का हाकललंस? जिवंत पुरलेल्या मुलीला विचारलं जाईल, तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं? हा दिलासा असेलच, तर तो त्या मुलीला आहे. तिच्या बापाची झोप उडवणारा आहे.

आणि इब्राहिमची गोष्ट. ६३२ साली पैगंबरांचा हा लहानगा मुलगा गेला, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणाले, मुलासाठी सूर्यही झाकोळला. दुःखी बापाला याहून गोड सांत्वन कुठलं? पैगंबरांनी ते नाकारलं. कुणाच्या जन्म-मृत्यूसाठी ग्रहण लागत नाही, असं सांगितलं. मुलासाठी मात्र ते रडले. मला ही गोष्ट फार आवडते.

काहींना असा आधार नकोच असतो. ३ मे १९७७ला हमीद दलवाई गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं. त्यावर आजही लोक भांडतात. माझ्या मते मरणाऱ्याचं ऐकावं, विषय संपला.

जनाज्याची नमाज फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी अदा केली तर सगळे सुटले, कुणीच नाही केली तर सगळे गुन्हेगार. म्हणजे ही जबाबदारी वस्तीची. कोविडमध्ये मुंबईत वांद्र्याच्या कब्रस्तानातल्या दफनाला विरोध झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं. मे २०२०मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली आणि सन्मानाने अंत्यविधी हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याच काळात बडा कब्रस्तानशी जोडलेल्या स्वयंसेवकांनी ज्यांचं कुणी येऊ शकलं नाही अशा हिंदू मृतदेहांनाही अग्नी दिला. ही पोरं मरणाच्या भीतीतून सुटली होती, असं मला वाटत नाही. घाबरतच करत होती.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एक रिक्षावाले वारले. अम्मी खिचडीचा डबा घेऊन गेली, त्यांच्या बायकोला बँकेत घेऊन गेली, वारस म्हणून नाव लावून दिलं. इद्दतमध्येच. कुणीतरी चाळिसाव्याचं विचारलं, तर अम्मी म्हणाली, "पहले बच्चे की फीस भरो."

मागच्या मुलीने मघापासून हात वर केलाय. बोल बेटा.