एक दिवस हातचा



बचत गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न पैशाचा येत नाही. पहिला प्रश्न असतो, ‘परत कधी यायचं?’ पहाटे निघायचं, रात्री दहाच्या आत घरात, कारण दुसऱ्या दिवशी डबे आहेत, धारा आहेत. लग्न, बाळंतपण, देवदर्शन आणि दवाखाना सोडला तर आपण बाहेर रात्र काढत नाही, आणि काढलीच तर तास मोजून. आज या मोजलेल्या तासांबद्दलच बोलायचं आहे. कारण पावसापाण्याच्या सहलीत हेच तास अंगाशी येतात.

आम्ही दोघी जावा. गेल्या ऑक्टोबरात, सुगीच्या आधी, आम्ही सासूबाईंना घेऊन वेंगुर्ल्याला गेलो. आत्याबाईंचं वय अडुसष्ट. बेत असा होता की एसटीनं जायचं, माडाच्या बागेत तंबू ठोकून राहायचं आणि मांडवी खाडीत होडीतून फिरायचं. या खाडीत स्वामिनी महिला बचत गटानं २०१७ साली कांदळवनाची सफर सुरू केली. बायकाच होडी वल्हवतात आणि बायकाच माहिती सांगतात. बचत गटाचं काम करणाऱ्या आम्हाला ती खाडी बघायचीच होती.

फिरणं दोन दिवसांत बसत होतं. आम्ही तीन दिवस मागितले. घरात लगेच प्रश्न आला, ‘तिसरा कशाला?’ तो दिवस परतीच्या पावसासाठी होता. जूनच्या पावसासारखा हा पाऊस दिवसभर लागून राहत नाही. सकाळी लख्ख ऊन, दुपारनंतर ढग आणि संध्याकाळी कडकडाट. होडीत बसायचं तर एक वेळ हुकणार, हे धरूनच चालायला हवं.

खरी अडचण म्हशीची होती. आमची म्हैस आत्याबाईंच्या हाताशिवाय पान्हवत नाही. दूध गेलं नाही तर डेअरीचं बिल तेवढं कमी येणार. मग आठ दिवस आधीपासून थोरला मुलगा त्यांच्याशेजारी धारेला बसला. पहिले चार दिवस म्हशीनं त्याला दाद दिली नाही, पाचव्या दिवशी दिली. तरी निघताना त्यानं विचारलंच, ‘नक्की कधी येणार?’ आत्याबाई म्हणाल्या, ‘पावसाला इचारून सांगतो.’

दुसरी अडचण त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, पण आम्हाला ठाऊक होती. २०१९ च्या पुरात हिरण्यकेशीचं पाणी आमच्या गोठ्यात शिरलं. जनावरं सोडायला आत्याबाई गुडघाभर पाण्यात गेल्या होत्या. तेव्हापासून त्या नदीच्या घाटावर उतरलेल्या नाहीत. होडीचं नाव काढल्यावर ‘बघू’ एवढंच म्हणाल्या होत्या.

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तिघींचा प्रवास दीड तिकिटात झाला. गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीला उतरलो. हिरण्यकेशी इथेच उगम पावते. गुहेतल्या देवळाजवळून निघालेलं ते पाणी आजरा-गडहिंग्लजवरून घटप्रभेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातं. घाटाच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस मात्र अरबी समुद्राकडे धावतो. ज्या नदीवर जन्मभर धुणं धुतलं ती इथे एवढीशी बघून आत्याबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. ‘हीच व्हय ती?’ म्हणाल्या आणि खाली वाकून तोंडावर पाणी मारलं.

वेंगुर्ल्यात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तंबूचं थोडं सांगतो, तुमच्या उपयोगी पडेल. माडाच्या बागेत तंबू ठोकताना आधी मान वर करून बघायचं. नारळ लागलेल्या माडाखाली जागा धरायची नाही. जमीन जरा उंचवट्याची हवी. खाली ताडपत्री घालतो तिच्या कडा तंबूच्या आत दुमडायच्या. बाहेर राहिल्या तर पावसाचं पाणी ताडपत्रीवरून थेट अंथरुणाखाली येतं. एक कपड्याचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचा, तो झोपेपर्यंत सोडायचा नाही. आणि ढग गडगडायला लागले की तंबूत बसायचं नाही. तंबू पावसापासून वाचवतो, विजेपासून नाही. त्या रात्री नऊला गडगडाट सुरू झाला तेव्हा आम्ही अंथरूण गुंडाळून बागेच्या मालकीणबाईंच्या पक्क्या घरात गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला होडी ठरली होती. खाडीवर गेलो तर आभाळ डोंगराकडून काळं होत आलेलं. होडीवरच्या ताईंनी एकदा वर बघितलं आणि वल्ही बाजूला ठेवली. आमच्याबरोबर आणखी चौघीजणी होत्या. त्यांची परतीची गाडी त्याच रात्रीची. त्या काकुळतीला आल्या, ‘एवढ्या लांबून आलोय, पंधरा मिनिटं तरी फिरवा.’ ताई म्हणाल्या, ‘आज नको हां. खाडी खंय पळान जातली?’

सात माणसांचं भाडं त्यांनी सोडलं. महिनाअखेरीला हप्ता भरणाऱ्या बाईला एवढे पैसे सोडताना काय वाटतं, हे गटात काम करणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको. अर्ध्या तासात विजा सुरू झाल्या. उघड्या पाण्यात होडीतला माणूसच सगळ्यात उंच असतो. त्या चौघी खाडी न बघता गेल्या. त्यांचा राग आम्हाला कळत होता. घरी सांगून आलेली वेळ त्यांच्या डोक्यावर बसली होती. आमच्याकडे तिसरा दिवस होता, म्हणून आम्हाला ‘बरं’ म्हणता आलं.

ती संध्याकाळ पडवीत गेली. ताईंकडून आत्याबाईंनी भरतीचा हिशोब शिकून घेतला. तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. आत्याबाईंची शाळा चौथीपर्यंतची, पण पावकी, निमकी, पाऊणकी अजून तोंडपाठ. ‘उद्या नवमी. नऊ पाऊणे पावणेसात. सकाळी पावणेसातला पाणी भरणार.’ आम्ही दोघी पदवीधर, पण मोबाइल शोधत होतो. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि ओढही कमी असते, हेही ताईंनी सांगितलं. मग आत्याबाईंनी हळूच विचारलं, ‘मग उद्या पाणी शांत असंल?’

सकाळी साडेसहाला आभाळ मोकळं होतं. ताईंनी तिघींना लाइफ जॅकेट घातली आणि पट्टे स्वतः ओढून बघितले. छत्र्या काठावरच ठेवायला लावल्या, कारण लहान होडीत उघडलेली छत्री वारा धरते. आत्याबाई बसल्या त्या फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून. काठावर कांदळाची मुळं छत्रीच्या काड्यांसारखी चिखलात रोवलेली, तिवराची मुळं पेन्सिली उभ्या केल्यासारखी वर आलेली. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर या मुळांनी श्वास घेतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि मग खाली पडतं. ‘लेकरू हाताशी आल्यावर सोडतंय म्हणा की,’ आत्याबाई म्हणाल्या, आणि दाखवायला म्हणून त्यांचा एक हात फळीवरून सुटला.

मध्येच बारीक सर आली. कुणी घाईनं काठाकडे वळलं नाही, कारण गडगडाट नव्हता. आत्याबाईंनी सुटलेला हात पाण्यात बुडवला आणि बोट जिभेला लावलं. ‘खारं हाय. आपली नदी न्हवं ही.’ त्यानंतर दुसरा हातही त्यांनी मांडीवर घेतला.

घरी पोचलो तेव्हा म्हैस व्यवस्थित होती. तीन दिवसांत दूध दीड लिटरनं घटलं. आम्ही ते सहलीच्या खर्चात धरलं आणि वहीत लिहिलं.

मैत्रिणींनो, गटाची सहल ठरवताना तिकीट, जेवण, राहणं यांचा हिशोब आपण चोख करतो. त्यात एक दिवस हातचा धरा. त्याचे पैसे आधी बाजूला काढा आणि घरातली कामं त्या दिवसापर्यंत वाटून द्या. पाऊस आला नाही तर तो दिवस झोपून काढा, गप्पा मारा, काहीच करू नका. आणि ‘तिसरा दिवस कशाला?’ असं कुणी विचारलं तर सांगा, होडीवाल्या बाईनं ‘आज नको’ म्हटलं तर आपल्यालाही थांबता यावं, यासाठी.