संचारबंदी उठल्यावर
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे छोटे बेट आहे. ऊसमळ्यांवर मजुरीसाठी गेलेल्या आपल्या कोकणातल्या कुटुंबांचे वंशज आजही तिथे राहतात. १२ मार्च १९६८ रोजी हा देश स्वतंत्र झाला. पण त्याआधी जेमतेम दोन महिने, जानेवारीत, राजधानी पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम टोळ्यांमध्ये दंगल पेटली. ब्रिटिश फौज बोलवावी लागली. कित्येक कुटुंबे जुना शेजार सोडून आपापल्या लोकांच्या वस्तीत राहायला गेली.

या देशाच्या राज्यघटनेत एक तरतूद आहे. निवडून आलेल्या ६२ सदस्यांत ज्या समाजांना पुरेसे स्थान मिळाले नसेल, त्यांच्या पराभूत उमेदवारांमधून आणखी आठ जणांपर्यंत सदस्य घेता येतात. या पद्धतीमुळे जातिभेद पक्के होतात, अशी टीकाही होते. शिवाय तिने सगळेच साधले नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेट पुन्हा पेटले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष कासम उतीम आणि कार्डिनल जाँ मार्जेओ लोकांमध्ये फिरले. एक मुस्लिम, एक ख्रिस्ती. चारेक दिवसांत वातावरण निवळले.

हे वऱ्हाडात कशाला सांगायचे, असे तुम्ही म्हणाल. नोव्हेंबर २०२१ मधली अमरावती आठवा. त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ १२ तारखेला मोर्चा निघाला, दुसऱ्या दिवशी बंद झाला. दोन्ही दिवशी दगडफेक, तोडफोड झाली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल उसळली. त्यात एका माणसाचा जीव गेला.

संचारबंदीचा पहिला फटका कुणाला बसतो? ज्याची चूल रोजच्या कमाईवर पेटते त्याला. हातगाडीवाला, ऑटोवाला, हमाल. त्यांचा ना मोर्चाशी संबंध, ना बंदशी. कापूस पिकवणारा एका समाजाचा, गाडी हाकणारा दुसऱ्या, गाठी उचलणारा तिसऱ्या. आपली बाजारपेठ अशीच चालते.

पोलीस रस्ता मोकळा करतात, ते आवश्यकच आहे. पण संचारबंदी उठल्यावर शेजाऱ्याच्या दुकानाची पायरी चढायची की नाही, हे पोलीस ठरवू शकत नाहीत. आपल्याकडे शांतता समित्या आहेत. त्यांच्या बैठका मात्र बहुधा सणावाराच्या तोंडावर किंवा काही घडल्यावर होतात. त्या एरवीही व्हाव्यात. त्यात बाजारातली माणसे असावीत, बाया असाव्यात, तरुण पोरे असावीत. मोबाइलवर काही भडक आले, तर रात्री अकरालाही पलीकडच्या मोहल्ल्यात कुणाला तरी फोन करून ‘भाऊ, हे खरं आहे का?’ असे विचारता आले पाहिजे. तुमच्या मोबाइलमध्ये असा एक तरी नंबर आहे का, तेवढे आज पाहा. नसेल, तर उद्या बाजारात गेल्यावर मागून घ्या.