पहिले फळ बियाचे



आज परसबागेविषयी बोलू. आम्ही मोलगीत मुलांना शिकवले. पण बागेचे शिक्षण आम्हांला शेजारच्या आजीने दिले.

आपली जमीन उताराची. पाऊस येतो नि माती घेऊन जातो. म्हणून आधी उताराला आडवी दगडांची ओळ लावा. मृगाचा पाऊस पडला की कुडाच्या कडेला गिलकी, डांगर, काकडी, वाल लावा. शेवग्याची फांदीही तेव्हाच रोवा. दिवाळीनंतर मेथी, मुळा पेरा. काठीची होळी झाली की पाण्याची ओढ लागते. तेव्हा भांडी धुतलेले पाणी शेवग्याला घाला. शेवग्याचा पाला पोरांच्या पोटात गेलाच पाहिजे. तो डोळ्यांना चांगला.

आता आमची चूक ऐका. पहिल्या वर्षी गिलकी भरपूर आली. आम्ही सगळी कोवळी तोडून खाल्ली. पुढच्या मृगाला बी कुठले? बाजारातून पुडी आणली, ती उगवलीच नाही. तेव्हा आजीने आपला तुंबा उघडला. आत राखेत घोळलेल्या बिया होत्या. तिने मूठभर दिल्या नि म्हणाली, "गुरुजी, पहिलं फळ आपलं नाही. ते बियाचं."

तेव्हापासून पहिल्या चांगल्या फळाला आम्ही चिंधी बांधतो. मग ते कोणी तोडत नाही. ते वेलावरच वाळते. त्याचे बी आम्ही राखेत ठेवतो.

तुम्हीही ठेवा. वर चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर बियाचे नाव नि साल लिहा. आता तुम्हांला लिहिता येते ना!