कामाची वाटणी कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय संगणकाचा आहे, पण सुरुवात मी गिरणीच्या फाटकापासून करणार आहे. परळ-लालबागच्या श्रोत्यांना त्याहून जवळचा दाखला मला सापडत नाही. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगाराला काम मिळे ते जॉबरच्या मर्जीने. फाटकापाशी माणसे जमत, आत कोण गैरहजर आहे हे जॉबर पाही, आणि बाहेरच्यांपैकी कोणाला घ्यायचे हे तोच ठरवी. कोणत्या साच्यावर कोण उभा राहील हे ज्याच्या हाती, तोच खात्याचा खरा धनी. १९३५ साली बदली नियंत्रण योजना आली आणि बदली कामगाराला कार्ड मिळाले. गोदीत १९४८ चा कायदा झाला, पुढे गोदी कामगार मंडळ आले, आणि कोणत्या बोटीवर कोणती टोळी जाईल हे नोंदवहीप्रमाणे पाळीने ठरू लागले. जॉबरशाही त्यामुळे एका दिवसात नाहीशी झाली नाही. परंतु वाटणीचा नियम लेखी झाला, आणि लेखी नियमाशी निदान भांडता तरी येते.

संगणकाच्या क्षेत्रात आज हाच प्रश्न उभा आहे. एखादे सॉफ्टवेअर चालवायचे तर त्याला अमुक आवृत्तीची अमुक सामग्री लागते. एका यंत्रावर चालणारे दुसऱ्यावर अडते. यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारी सर्व सामग्री एका बंद पेटीत भरण्याची पद्धत रूढ झाली. या पेटीला कंटेनर म्हणतात, आणि ही पद्धत घरोघर पोचविणारे साधन २०१३ साली आले त्याचे नाव डॉकर. इंग्रजीत डॉकर म्हणजे गोदी कामगार. नियतीची थट्टा पाहा: १९५६ साली अमेरिकेत मॅक्लीन नावाच्या वाहतूकदाराने ज्या पोलादी पेट्या बोटीवर चढविल्या, त्यांनीच पुढे जगभरच्या गोदी कामगारांच्या टोळ्या रिकाम्या केल्या. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यावर माझगाव-वडाळ्याच्या गोद्यांनाही याचा अनुभव आला. नाव मात्र कामगाराचे राहिले.

अशा पेट्या दहा-वीस झाल्या आणि यंत्रे दोन-चार झाली की प्रश्न येतो वाटणीचा. कोणती पेटी कोणत्या यंत्रावर? एखादी बंद पडली तर ती पुन्हा कोण उभी करील? यंत्रच बंद पडले तर त्यावरच्या पेट्या कोठे न्यायच्या? हे काम करणारे जे सॉफ्टवेअर असते तेच या क्षेत्रातले गोदी कामगार मंडळ, किंवा जॉबर. दोहोंपैकी काय, हे त्याचा नियम कोणाला वाचता येतो आणि कोणाला बदलता येतो यावर ठरते.

याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. गिरणी कामगारांच्या घरांचाच प्रश्न घ्या. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर ज्यांची नावे हजेरीपटावर होती ते कामगार, किंवा त्यांचे वारस, यांचे दीड लाखाहून अधिक अर्ज आले. समजा, लालबागच्या एखाद्या संघटनेच्या कार्यालयात अशा काही हजार कुटुंबांची नोंद आहे: गिरणीचे नाव, तिकीट नंबर, खाते, राज्य विमा योजनेचे कार्ड, वारसाचा पत्ता, कोणत्या कागदाची प्रत अद्याप मिळायची आहे. पूर्वी हे सारे पत्र्याच्या कपाटात असे. आज ते बहुधा एखाद्या परदेशी कंपनीच्या फुकट खात्यात असते, आणि ते खाते एका कार्यकर्त्याच्या नावावर असते. तो गावी गेला, संघटना सोडून गेला किंवा कंपनीने खाते गोठविले की कपाटाची किल्ली गेली. 'क्लाउड' हा शब्द आकाशातला असला तरी वस्तू जमिनीवरची आहे. ॲमेझॉनने आपले मुंबई केंद्र २०१६ साली उघडले. ते दुसऱ्याचे गोदाम आहे, आणि गोदामाचा मालक भाडे व अटी केव्हाही बदलू शकतो.

म्हणून नोंदी, सभासदयादी, पत्रव्यवहार हे आपल्या ताब्यातल्या यंत्रावर, मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने चालविण्याचा विचार करायला हवा. त्यासाठी साधने अनेक आहेत, आणि येथे मला माझे मत स्पष्ट सांगायचे आहे.

सर्वांत मोठे नाव कुबरनेटिस. ग्रीक भाषेत याचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोळीवाड्यांत त्याला तांडेल म्हणतील. गूगलने आपल्या कारखान्यातल्या 'बोर्ग' नावाच्या यंत्रणेच्या अनुभवावरून ते बनविले, २०१४ साली खुले केले आणि २०१५ साली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या संस्थेकडे सोपविले. परवाना पूर्ण मुक्त आहे, कारभार एका कंपनीच्या हाती नाही. इतके चांगले असूनही संघटनेच्या कार्यालयासाठी मी ते सुचविणार नाही. वर्षाला साधारण तीन नव्या आवृत्त्या येतात, प्रत्येकीची देखभाल सुमारे चौदा महिने होते, आणि मागे पडलेल्याला कोणी थांबत नाही. हजारो यंत्रांच्या आस्थापनेने घडविलेले हे साधन चालवायला माणसे लागतात. ती आपल्याकडे नसतात. असलाच तर एखादा उत्साही तरुण असतो. मग त्या कार्यालयात कुबरनेटिस समजणारा एकटा तो, आणि बाकीचे त्याच्या मर्जीवर. मुक्त परवान्याच्या कागदाआडून जॉबर परत आला की नाही?

डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला, तो चरख्याकडे परत जाण्यासाठी नव्हता. वीज आणि विज्ञान घेऊनही यंत्र माणसांच्या लहान समूहाच्या आवाक्यात राहावे, एवढेच त्यांना हवे होते. ही कसोटी येथे जशीच्या तशी लागू पडते.

एकच यंत्र असेल तर वाटणीचा प्रश्नच नाही. डॉकर कंपोज नावाच्या साधनाने एका साध्या मजकुराच्या फायलीत सर्व पेट्यांची यादी लिहिता येते. ही फाईल छापून भिंतीवर लावता येईल इतकी लहान असते, आणि तीच नव्या कार्यकर्त्याची प्रवेशिका. डॉकर कंपनीने २०२१ साली आपल्या डेस्कटॉप आवृत्तीसाठी मोठ्या कंपन्यांकडून शुल्क घेणे सुरू केले; लिनक्सवरचे मूळ इंजिन मात्र मुक्तच आहे. ज्यांना या कंपनीपासून दूरच राहायचे आहे त्यांना पॉडमन आहे. त्यात सर्वाधिकार घेऊन सतत चालणारा मध्यस्थ नसतो, आणि पेट्या सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात चालतात. आपल्याकडच्या दहांपैकी नऊ कार्यालयांना एवढे पुरेल, असे मला वाटते.

यंत्रे वाढविली तर तीन हवीत, दोन नकोत. यामागचे कारण सभा चालविणाऱ्यांना लगेच कळेल. या साधनांत यंत्रे आपसांत मतैक्य करून निर्णय घेतात, आणि त्यासाठी बहुमताची गणपूर्ती लागते. तिघांत एक गैरहजर राहिला तरी दोघांचे बहुमत होते. दोघांच्या समितीत मात्र एक न आल्यास काम ठप्प, म्हणजे एकट्या यंत्रापेक्षाही वाईट स्थिती. दुसरे यंत्र घेतले आणि निर्धास्त झालो, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तीन यंत्रांसाठी डॉकर स्वॉर्म शिकायला सर्वांत सोपे. कंपोजचीच फाईल थोड्या फरकाने चालते. पण २०१९ साली डॉकरचा मोठ्या ग्राहकांचा व्यवसाय मिरँटिस कंपनीकडे गेला. स्वॉर्म चालू आहे, त्याची वाढ मंद आहे. के-थ्री-एस हा कुबरनेटिसचाच हलका अवतार २०१९ साली रँचर कंपनीने काढला आणि पुढच्याच वर्षी तो त्याच सामाईक संस्थेकडे दिला. शंभर मेगाबाइटहून लहान अशी एकच फाईल, जुन्या यंत्रावरही चालणारी. ज्या जिल्हा कार्यालयात दोघे-तिघे जाणते आहेत तेथे मी के-थ्री-एस निवडीन. त्याचे शिक्षण बाहेर नोकरीलाही उपयोगी पडते, ही तरुणांच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट नव्हे.

राहिले नोमॅड. हॅशीकॉर्प कंपनीने २०१५ साली काढलेले हे साधन बांधणीने मला सर्वांत नेटके वाटते. परंतु ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने त्याचा मुक्त परवाना बदलून बंधने घालणारा परवाना लावला. संहिता वाचता येते, स्वतःच्या कामासाठी वापरता येते. कंपनीशी स्पर्धा करणारी सेवा मात्र विकता येत नाही, आणि प्रत्येक आवृत्ती मुक्त व्हायला चार वर्षे लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये हॅशीकॉर्प आयबीएमच्या मालकीची झाली. संघटनेच्या दैनंदिन वापराला यामुळे बाधा येत नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रश्न निराळा आहे: जगभरच्या लोकांनी ज्याला हातभार लावला त्याच्या अटी एका संचालक मंडळाला एकतर्फी बदलता आल्या. म्हणून साधन निवडताना परवान्याच्या शेजारी हेही पाहावे, की नाव आणि हक्क कोणाकडे आहेत.

कोणी म्हणेल, एवढ्या उपद्व्यापापेक्षा भाड्याचा सर्व्हर बरा. तो घ्यायला माझी हरकत नाही. यंत्र कार्यालयातल्या टेबलाखालीच असले पाहिजे असा हट्ट धरणारा मी नाही. हिंदमाताच्या परिसरात तळमजल्यावर यंत्र ठेवू नये हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? १२ ऑक्टोबर २०२० रोजी साऱ्या मुंबईची वीज गेली होती, तेही आपण पाहिले आहे. पेट्या आपल्या, फाईल आपली आणि नोंदींची प्रत आपल्याजवळ असेल, तर भाड्याचे घर एका दिवसात बदलता येते. तशी नसेल तर स्वतःच्या मालकीचे यंत्रही परकेच.

आणि प्रतीबद्दल शेवटचे. कोणतेही वाटणीचे साधन नोंदींची जपणूक करीत नाही. ते पेटी पुन्हा उभी करते, पेटीतली पुसलेली यादी परत आणीत नाही. म्हणून रोज रात्री एक प्रत दुसऱ्या यंत्रावर आणि आठवड्याला एक गिरगाव किंवा दादरबाहेर, ठाण्या-पुण्याच्या कार्यालयात जावी. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून खरोखर वाचता येते का हे पाहावे, आणि हे काम दर खेपेस निराळ्या कार्यकर्त्याकडे द्यावे. त्याची नोंद आपल्या इतिवृत्ताच्या वहीतच ठेवली तरी चालेल.