पडीक रानात मेंढ्यांचा वाडा

तळेगाव दाभाडेहून चाकणकडे निघालात की कारखान्यांच्या अधेमधे पडीक रानं दिसतात. कुणी पेरत नाही, कुणी नांगरत नाही. अशी जमीन पुन्हा जीव धरते ती आधी गवतामुळे.

कुसळी गवताचं बी पाहा. त्याच्या शेपटीला ओल लागली की ती पीळ सोडते, सुकली की पुन्हा पीळ घेते आणि बी मातीत गिरमिटासारखं शिरतं. तेच कुसळ मेंढीच्या लोकरीत अडकून दूरच्या रानातही पोचतं. धोतराला चिकटलं की शिव्या खातं, तो भाग वेगळा!

बाभळीच्या शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीनं खातात. पोटातून गेल्यावर बियांचं टणक कवच नरम पडतं, बी लेंडीसोबत खतातच पडतं आणि उगवण सुधारते. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणाऱ्या आणि पावसाळ्याआधी देशावर परतणाऱ्या धनगरांचे वाडे शेतकरी मुद्दाम रानात बसवतात, ते या लेंडीखतासाठी. बदल्यात धान्य किंवा पैसे देतात.

पण विलायती बाभूळही अशीच पसरते. जनावराला देशी-परदेशी कळत नाही. तिच्या शेंगा खाऊन आलेला कळप थेट चांगल्या गवतात सोडू नये. आणि पावसाळ्यात रान राखावं. मारवेल, पवन्या या गवतांचं बी पिकून जमिनीवर पडू द्यावं, मगच चराई. खुरांखाली ते बी मातीत दाबलं जातं. तेवढी पेरणी मेंढ्या फुकट करून देतात.